तब्येतीसाठी कुत्रा आणायचा का? आधी पट्टा कोण धरणार ते ठरवा

इंदिरानगरची लेक (धागाकर्ती)

बाबा ६८ वर्षांचे. गेल्या डिसेंबरात अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट आहे. शुगर दहा-अकरा वर्षांपासून. रोज अर्धा तास चाला, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलंय. आम्ही नाशिकचे, इंदिरानगरचा जॉगिंग ट्रॅक घरापासून सात मिनिटांवर आहे. पहिला आठवडा बाबा गेले. मग गुडघा आडवा आला, मग थंडी, आणि आता "पेपर वाचून झाला की जातो" असं म्हणतात. पेपर वाचून होईपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं असतं.

परवा पुण्याहून भावाचा फोन आला. म्हणे, "बाबांना लॅब्रेडॉरचं पिल्लू आणून देतो. कुत्रा असला की माणूस आपोआप चालतो, बीपी उतरतं, हार्ट चांगलं राहतं. रिसर्च आहे त्याच्यावर." पिल्लू बघूनसुद्धा ठेवलंय त्यानं.

माझा याला स्पष्ट विरोध आहे. कुत्र्यांना नाही, आमच्या लहानपणी सिडकोतल्या घरी कुत्रा होता आणि तो गेला तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते. विरोध आहे तो कुत्रा औषध म्हणून आणायला.

भाऊ म्हणतो तो रिसर्च मी शोधून वाचला. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१३ साली या विषयावर एक निवेदन काढलं. प्राणी पाळणं, त्यातही कुत्रा पाळणं, आणि हृदयविकाराचा धोका कमी असणं यांचा संबंध असू शकतो, असं त्यात आहे. पण त्याच निवेदनात पुढे हेही आहे की निव्वळ हृदयविकाराचा धोका कमी करायचा म्हणून प्राणी आणू नये. लोक पहिलं वाक्य फॉरवर्ड करतात, दुसरं कुणी करत नाही.

आता आमच्या बिल्डिंगचं सांगते. चोवीस फ्लॅट, पाच कुत्री. तिसऱ्या मजल्यावरचा कुत्रा काकांच्या वजनासाठी आणला होता. त्याला सकाळी सून फिरवते. तिचा दिवस साडेपाचला सुरू होतो, डबे, शाळेची बस, आणि त्यात हे. काका गॅलरीतून हाक मारून "शी झाली का गं त्याची?" एवढं विचारतात. दुसऱ्या दोन घरांनी फिरवायला मुलगा लावलाय. चौथ्या घरातला कुत्रा गच्चीवर जातो आणि परत येतो. पाचव्या घरातल्या ताई मात्र दोन्ही वेळा स्वतः नेतात, ऊन असो की पाऊस, आणि पन्नाशीतही जिना एका दमात चढतात. पट्टा ज्याच्या हातात, तब्येत त्याची. बाकीच्यांच्या घरात फक्त केस वाढतात.

बाबांच्या हातात पट्टा किती दिवस राहील हे मला ठाऊक आहे. त्यानंतर तो माझ्या हातात येणार, कारण मी इथे आहे आणि भाऊ पुण्यात. शिवाय बाबांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. साधं खरचटलं तरी रक्त थांबायला वेळ लागतो, हातावर काळेनिळे डाग पडतात. पिल्लाचे दात आणि नखं तुम्हाला माहीतच आहेत. वर्षभरात ते पिल्लू तीस किलोंचं होणार.

ज्यांना माझं पटत नाही त्यांनी जरूर लिहा. फक्त अनुभवानं लिहा, फॉरवर्ड टाकू नका.

कृषीनगरचा वाटसरू

ताई, मला अजिबात पटलं नाही. अनुभवच लिहितो.

मी सातपूरच्या कारखान्यातून चार वर्षांपूर्वी रिटायर झालो. चौतीस वर्षं शिफ्ट केल्या, त्यामुळे रिटायर झाल्यावर झोपायचं एवढाच बेत होता. पहिल्या वर्षात नऊ किलो वाढलो. तीन महिन्यांची शुगर ८.४ आली. डॉक्टर म्हणाले चाला. बायको म्हणाली चाला. मुलीनं पायात घालायला चार हजारांचे बूट आणले. बूट सहा महिने खोक्यात होते.

मग जुलैत एका रात्री धो धो पावसात स्कूटरखाली एक गावठी पिल्लू सापडलं. सकाळी सोडून देऊ म्हणून घरात घेतलं. तिचं नाव चिंगी. आज ती पावणेतीन वर्षांची आहे.

पहाटे पाच वीसला आधी फरशीवर नखांचा आवाज येतो, टक टक टक. पलंगाला एक फेरी. मग पांघरुणाच्या बाहेर राहिलेल्या माझ्या तळव्याला ओलं, गार नाक लागतं. जानेवारीत इथे पारा दहाच्या खाली जातो तेव्हा त्या नाकानं माणूस कसा ताडकन उठतो ते ज्याला लागलंय त्यालाच कळेल. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा ती हळूच रडल्यासारखा आवाज काढते. मग मी उठतोच. कृषीनगरच्या ट्रॅकच्या बाहेरून कॉलेज रोडच्या आतल्या गल्ल्यांमधून चाळीस मिनिटं, संध्याकाळी पुन्हा पंचवीस.

तीन महिन्यांची शुगर आता ६.९ आहे. औषध वाढवलेलं नाही. बायको म्हणते भातही कमी केलाय, तेही खरं आहे, लपवत नाही.

डॉक्टरांचा असतो तो सल्ला. सल्ल्याला "उद्यापासून" म्हणता येतं. चिंगीला म्हणता येत नाही. तुमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचं उदाहरण खरं असेल, पण त्यांच्या घरात पट्टा धरायला सून होती. माझ्या बायकोनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "तुम्ही आणलंय, तुम्हीच बघायचं." तुमच्या बाबांनाही तसं सांगून बघा.

आकडेमोड

धागाकर्तीशी बराचसा सहमत, पण कारण वेगळं आहे.

या विषयातला जो मूळ अभ्यास सगळीकडे सांगितला जातो तो १९८० चा, अमेरिकेतला. हृदयविकारानं दवाखान्यात दाखल झालेले ९२ रुग्ण. घरी प्राणी असलेल्या ५३ जणांपैकी वर्षभरात ३ दगावले, प्राणी नसलेल्या ३९ पैकी ११. आकडा डोळ्यात भरतो. पण ९२ माणसं म्हणजे फार थोडी, आणि ज्याची तब्येत बऱ्यापैकी आहे तोच प्राणी सांभाळू शकतो, हा प्रश्न उरतोच. आजारी माणूस कुत्रा आणत नाही, असलेला देऊन टाकतो. मग कुत्र्यामुळे तब्येत चांगली की तब्येत चांगली म्हणून कुत्रा?

मुलांच्या बाबतीत हे नीट तपासलं गेलंय. अमेरिकेतल्या रँड संस्थेच्या संशोधकांनी २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पाच हजारांहून जास्त घरांची माहिती घेतली. वरवर बघता प्राणी असलेल्या घरातली मुलं जास्त निरोगी दिसत होती. उत्पन्न, घर स्वतःचं की भाड्याचं, असे फरक हिशेबात घेतल्यावर तो फायदा उरला नाही. नाशिकमध्येही बघा ना, गंगापूर रोडच्या बंगल्यात लॅब्रेडॉर असतो, तिथल्या मुलांना अंगण असतं, बालरोगतज्ज्ञ हाकेच्या अंतरावर असतो. श्रेय मात्र लॅब्रेडॉरला मिळतं.

आणखी एक. स्वीडनमध्ये २०१९ मध्ये पस्तीस हजारांवर जुळ्यांच्या जोड्या अभ्यासल्या. कुणी कुत्रा पाळेल की नाही यातला निम्म्याहून अधिक फरक आनुवंशिकतेनं ठरतो, असं निघालं. म्हणजे कुत्रा पाळायची ओढ आणि धडधाकट प्रकृती या दोन्ही गोष्टी एकाच मुळातून येत असतील, ही शक्यता खुद्द त्या संशोधकांनीच मांडली आहे.

तेव्हा वाटसरू काकांचं अभिनंदन, पण एका माणसाची शुगर उतरली हा पुरावा नव्हे. भात कमी केला हे त्यांनीच लिहिलंय.

कृषीनगरचा वाटसरू

पुरावा म्हणून लिहिलंच नव्हतं. अनुभव मागितला होता, तो दिला. पण एक विचारतो. भात कमी कर म्हणून बायको अकरा वर्षं सांगत होती. तो चिंगी आल्यावरच का कमी झाला? पहाटे पोट जड असलं की चालताना दम लागतो, म्हणून मी रात्री भात सोडला. हे तुमच्या हिशेबात कुठे बसवणार?

नाशिकरोडची मास्तरीण

आकडेमोड, तुम्ही एक अभ्यास वगळलात. "तब्येत चांगली म्हणून कुत्रा" ही शंका दूर करायची तर चिठ्ठ्या टाकून काहींना प्राणी द्यावा लागेल आणि काहींना नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोच्या संशोधकांनी नेमकं हेच केलंय. २००१ मध्ये तो छापून आला. ४८ शेअर दलाल, सगळ्यांना बीपी, सगळे एकटे राहणारे, सगळ्यांना एकच गोळी सुरू केली. त्यातल्या निम्म्यांना चिठ्ठीनं निवडून कुत्रा किंवा मांजर आणायला सांगितलं. सहा महिन्यांनी शांत बसलेले असताना दोन्ही गटांचं बीपी गोळीनं सारखंच उतरलेलं होतं. पण ताण दिला, म्हणजे भराभर वजाबाक्या करायला लावल्या, भाषण करायला लावलं, तेव्हा प्राणी असलेल्यांचं बीपी दुसऱ्यांच्या मानानं बरंच कमी चढलं.

म्हणजे नुसतं चालणंच नाही, जवळ असण्याचाही काही गुण आहे. मांजर कुणी फिरायला नेत नाही.

आकडेमोड

तो अभ्यास चांगला आहे, मान्य. तरी माणसं ४८ च. आणि तुम्हीच लिहिलंत, शांत बसलेले असताना बीपी उतरवलं ते गोळीनं. बाबांची गोळी बंद करून कुत्रा आणा असं त्यातून निघत नाही.

नाशिकरोडची मास्तरीण

गोळी बंद करा असं इथे कोण म्हणालं?

पोऱ्या सिडकोचा

मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. दीड वर्षापासून गोविंदनगर आणि इंदिरानगर भागात कुत्री फिरवायचं काम करतो. सकाळी चार, संध्याकाळी तीन. धागाकर्ती ताईंनी लिहिलंय ते शंभर टक्के खरं आहे, त्यांच्या बिल्डिंगमध्ये मी जातही असेन.

काम सुरू केलं तेव्हा माझं वजन ८१ होतं, आता ६९. बारावीपर्यंत मला जिन्यावर धाप लागायची. एका घरी जर्मन शेफर्ड आहे, त्याला आधी पळवावं लागतं, नाहीतर तो घरी जाऊन सोफा फाडतो. त्याच्याबरोबर मी पळायला शिकलो. गेल्या महिन्यात पांडवलेणीच्या पायऱ्या न थांबता चढलो. मालकांचं वजन जसंच्या तसं आहे. ते चांगले आहेत, वेळेवर पैसे देतात, दिवाळीला कपडेही घेतले. पण कुत्रा त्यांच्या घरी आणि व्यायाम माझ्या अंगाला, ही खरी गोष्ट आहे.

एक सांगावंसं वाटतं. कुत्र्यालाही कळतं. रविवारी कधीतरी मालक स्वतः खाली येतात तेव्हा तो उड्या मारतो तशा माझ्यासाठी कधीच मारत नाही.

गंगापूर रोड, तळमजला

मी वय वर्षं ७१. यजमान जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा कॅनडात. इथे कधी लिहीत नाही, वाचत असते. आज लिहिते.

धागाकर्ती बाळा, तू लिहिलंस की पट्टा ज्याच्या हातात तब्येत त्याची. माझ्या घरात पट्टा धरायला माझ्याशिवाय आहेच कोण? म्हणून तो माझ्याच हातात राहिला. राजा आता आठ वर्षांचा आहे. यजमानांनीच आणला होता.

ते गेल्यावर पहिले कितीतरी महिने मी स्वयंपाकच करत नव्हते. चहा आणि टोस्ट. पण राजाला भात-भाकरी लागते, त्याच्यासाठी कुकर लावायचा, मग वाटायचं लावलाच आहे तर वरणही लावू. अशी मी पुन्हा जेवायला लागले. डॉक्टरांनी नंतर रक्त तपासलं तेव्हा म्हणाले, आजी, हिमोग्लोबिन सुधारलं. आता ते राजानं सुधारलं असं कुठल्या कागदावर लिहिणार?

चालणं म्हणाल तर सोमेश्वरच्या बाजूला जाऊन येतो आम्ही, हळूहळू. वाटेत सगळे राजाला ओळखतात. त्याच्यामुळे मला ओळखतात. दुधवाला, नर्सरीतली मुलगी, सायकलवरून येणारे एक रिटायर्ड सुभेदार. एक दिवस मला ताप होता, आम्ही दिसलो नाही, तर नर्सरीतली मुलगी दुपारी घरी बघायला आली. मांडीवर हात ठेवून विचारत होती, "आजी, राजा का नाही आला?" विचारलं राजाबद्दल, आली माझ्यासाठी.

इंदिरानगरची लेक (धागाकर्ती)

आजी, तुमचं वाचून डोळे भरले. तुमच्याबाबतीत मी माझं म्हणणं मागे घेते. आणि याला मोठा आधारही आहे. स्वीडनमध्ये कुत्र्यांची सरकारदरबारी नोंद करावीच लागते, त्यामुळे तिथे ४० ते ८० वयाच्या ३४ लाख लोकांच्या नोंदी बारा वर्षांपर्यंत तपासता आल्या. २०१७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. एकट्यानं राहणाऱ्यांमध्ये, ज्यांच्याकडे कुत्रा होता त्यांचा मृत्यूचा धोका कुत्रा नसलेल्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी दिसला. घरात आणखी माणसं असली की फरक पुष्कळ कमी. शिकारी जातींची कुत्री, म्हणजे ज्यांना भरपूर हिंडवावं लागतं ती, ज्यांच्याकडे होती त्यांना फायदा जास्त.

मला तर वाटतं यातून माझंच म्हणणं पक्कं होतं. एकटा माणूस स्वतः पट्टा धरतो, भरल्या घरात तो दुसऱ्याच्या हातात जातो. बाबा एकटे नाहीत. आई आहे, मी आहे.

म्हसरूळहून

सगळे चालण्याबद्दल लिहितायत, पडण्याबद्दल कुणीच नाही. मी लिहितो, कारण आमच्या घरात झालंय.

आई ७३. कुत्रा आमचाच, चार वर्षांचा, गुणी. चावला नाही कधी, कुणावर भुंकलाही नाही. भाद्रपदातली सकाळ, रात्रभर पाऊस पडून गेलेला. सोसायटीच्या गेटबाहेरच्या फरश्यांवर शेवाळ धरलेलं. आईनं पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन गुंडाळला होता, हातातून सुटू नये म्हणून. समोरून मांजर गेलं. एवढंच. तो झेपावला आणि आई आडवी. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन, वॉकर, पाच महिने. त्या पाच महिन्यांत जेवढं शरीर खचलं तेवढं आधीच्या दहा वर्षांत खचलं नव्हतं. कुत्रा तिच्या खाटेखालून हलत नव्हता, त्याला काय कळणार.

अमेरिकेत याची मोजदाद झाली आहे. ६५ वर्षांवरच्या लोकांची, पट्टा धरून कुत्रा फिरवताना झालेली फ्रॅक्चर २००४ मध्ये अंदाजे १,६७१ होती, २०१७ मध्ये ४,३९६. २०१९ मध्ये ते सर्जरीच्या एका नामांकित नियतकालिकात आलं. बहुतेक बायका, आणि सगळ्यात जास्त खुबे.

हृदय सुधारायला कुत्रा आणायचा आणि खुबा मोडून बसायचं, याचा हिशेब मांडणारा मला कुणी भेटला नाही. ताई, ६८ व्या वर्षी गुडघा दुखणाऱ्या माणसाच्या हातात लॅब्रेडॉरचा पट्टा देऊ नका. हात जोडून सांगतो.

कृषीनगरचा वाटसरू

आईंचं वाचून वाईट वाटलं. मनगटाला वेढे देऊ नयेत हे मात्र प्रत्येकानं लक्षात ठेवा. मीही द्यायचो. आज सोडलं.

दमेकऱ्याची आई

कुत्र्यांचंच चाललंय म्हणून मांजराचं लिहिते. मुलीला पाचव्या वर्षी दमा निघाला. सातव्या वर्षी तिच्या हट्टापायी मांजर आणलं. कुणीतरी छातीठोक सांगितलं होतं की प्राण्यांमध्ये वाढलेल्या मुलांना दमा होत नाही. तीन महिन्यांत पंप रोजचा झाला, रात्री दोनदा नेब्युलायझरसाठी पळावं लागलं.

ते सांगणं पूर्ण खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त घातक होतं. स्वीडनचाच २०१५ चा मोठा अभ्यास आहे, सहा लाखांवर मुलांचा. जन्माच्या पहिल्या वर्षात घरी कुत्रा असलेल्या मुलांना शाळेच्या वयात दमा असण्याचं प्रमाण १३ टक्क्यांनी कमी होतं. पण कुत्रा, मांजर नव्हे. पहिल्या वर्षात, सातव्या नव्हे. आणि अजून दमा नसलेली मुलं. ज्याला आधीच ॲलर्जी आहे त्याच्या घरात केसाळ प्राणी आणणं ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे.

मांजर शेवटी माझ्या नणंदेकडे दिलं. मुलगी दोन दिवस बोलली नाही. आणि मांजर गेल्यावरही दम लगेच थांबला नाही. मांजराच्या लाळेतलं प्रथिन केसांवर वाळतं, हवेत उडतं आणि गाद्या, पडदे, भिंतींना महिनोन् महिने चिकटून राहतं. गाद्या बदलल्या, पडदे काढले, भिंती पुसल्या, तेव्हा कुठे चौथ्या महिन्यात पंप कमी झाला. आणायच्या आधी ॲलर्जीची तपासणी करा. आम्ही केली नाही, याची रुखरुख मला अजून आहे.

जनावरांचा डॉक्टर, पंचवटी

धागा उशिरा पाहिला. मी पशुवैद्यक आहे, एकवीस वर्षं झाली. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं आहे, पण माझ्या टेबलावर जे येतं ते यातल्या कुणीच लिहिलं नाही.

पहिलं रेबीज. जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसं रेबीजनं मरतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यातली साधारण एकतृतीयांश आपल्या देशात. लक्षणं दिसली की माणूस वाचत नाही, आणि वेळेवर लस घेतली तर रोग होत नाही, इतकं हे सरळ आहे. तरी लोक मला फोन करून विचारतात, "घरचाच आहे, पिल्लूच आहे, फक्त दात लागलाय, इंजेक्शन घ्यायलाच हवं का?" पिल्लांनाही रेबीज होतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण लोक दीड मिनिट धुतात. हळद, चुना, मिरची काही लावू नका. आणि त्याच दिवशी सिव्हिल किंवा महापालिकेच्या दवाखान्यात जा. कुत्र्याला तिसऱ्या महिन्यात लस, मग दरवर्षी.

दुसरं जंत. मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी जंताचं औषध द्या, पिल्लांना त्याहून लवकर लवकर. रांगतं मूल असेल त्या घरात यात अजिबात चालढकल नको. पावसाळ्यानंतर गोचीड बघा, कानात आणि बोटांच्या बेचक्यात.

गरोदर बाईनं मांजर सोडून द्यायची गरज नसते. टॉक्सोप्लाझ्मा, म्हणजे पोटातल्या बाळाला अपाय करू शकणारा जंतू, मांजराच्या शीतून बाहेर पडल्यावर लगेच लागण करत नाही, त्याला निदान एक दिवस लागतो. म्हणून मांजराच्या शीच्या डब्यातली माती रोजच्या रोज बदलायची, ती घरातल्या दुसऱ्यानं बदलायची. कच्च्या मांसातून आणि न धुतलेल्या भाजीतूनही तो येतो, तिकडे कुणाचं लक्ष जात नाही.

आणि ज्यांना "प्राणी नको, पक्षी बरे" वाटतं त्यांच्यासाठी: गॅलरीत कबुतरांना दाणे टाकत असाल तर आजच थांबवा. फुप्फुसं आतून कडक होत जाण्याच्या आजारांची भारतात अनेक शहरांतून नोंद झाली, ती २०१७ मध्ये छापली गेली. त्यात जवळपास निम्मे रुग्ण बाहेरच्या कणांमुळे फुप्फुसाला सूज येणारे होते, आणि त्यातल्या साधारण एकपंचमांश लोकांचा पक्ष्यांशी संबंध होता. त्याहून जास्त जणांकडे कूलर होते. एप्रिलमध्ये कूलर काढाल तेव्हा जाळ्या धुऊन घ्या, हे माझ्या विषयाबाहेरचं, तरी सांगतो.

आता धागाकर्ती ताईंच्या प्रश्नावर. पिल्लू नको, इथे मी तुमच्या बाजूनं आहे. पण कुत्राच नको, इथे नाही. ६८ च्या माणसाला चार-पाच वर्षांचा, बारा-पंधरा किलोंचा, शांत गावठी कुत्रा द्या. असे कितीतरी घर शोधत असतात. तो ओढत नाही, चावरेपणाचं वय संपलेलं असतं, आणि नाशिकचं ऊन त्याला सोसतं. लॅब्रेडॉर म्हातारा झाला की त्याचेही खुबे जातात. मग दोघं घरात बसतात. अशी चार घरं मला माहीत आहेत.

दिंडोरीचा मळेवाला

आमच्याकडे कुत्रा तब्येतीसाठी कुणी पाळत नाही, द्राक्षबागेत राखणीला असतो. तरी एक सांगून जातो. गंगापूर रोड, सोमेश्वर, मखमलाबाद या बाजूला पहाटे अंधारात कुत्रा घेऊन फिरू नका. बिबट्याला कुत्रा म्हणजे हातातोंडाशी आलेला घास. शेजारच्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला होता, त्यात वजनाच्या हिशेबानं ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. माझी दोन कुत्री गेली. आजी, उजाडल्यावर जात जा.

गंगापूर रोड, तळमजला

जाते बाळा. सातच्या आत नाही निघत आम्ही.

नाशिकरोडची मास्तरीण

धागाकर्ती, एक सुचवू? आणायच्या आधी महिनाभर बाबांना कुणाचा तरी कुत्रा फिरवू द्या. तुमच्या पाचव्या घरातल्या ताईंचा, किंवा शेजारी कुणाचा वयस्क असेल तर तो. काय ते तुम्हालाही कळेल आणि भावालाही.

इंदिरानगरची लेक (धागाकर्ती)

बारा दिवसांनी लिहितेय. मास्तरीणबाईंचं ऐकलं. भावाला पिल्लू थांबवायला सांगितलं, तो चिडला, पण थांबला. मागच्या गल्लीत एका घरी नऊ वर्षांची डॅशहाउंड आहे, बुटकी, लांबुळकी. त्यांना विचारलं तर त्यांनाही सोयीचंच झालं. बाबा रोज संध्याकाळी पावणेसहाला तिला नेतात.

दोन-तीन गोष्टी बघितल्या त्या जशाच्या तशा लिहिते. ती दर खांबाशी थांबते, त्यामुळे बाबांचं चालणं फार हळू होतं. डॉक्टरांनी सांगितलेलं झपझप चालणं ते नव्हे. पण ती थांबली की बाबाही थांबतात, गुडघ्याला विश्रांती मिळते, आणि मग ती निघाली की तेही निघतात. पंचवीस मिनिटांचं चाळीस होतं. मोबाईल घरी ठेवतात. काल ट्रॅकवरून येताना एका पाच-सहा वर्षांच्या मुलाला तिच्या पाठीवर हात कसा ठेवायचा ते शिकवत होते. "आधी हात हुंगू दे तिला," असं सांगत होते. सिडकोतल्या घरी मला तसंच शिकवलं होतं.

कुत्रा आणायला माझा विरोध अजून आहे. बारा दिवस म्हणजे काहीच नाही. बारापैकी दहा दिवस गेले, दोन दिवस चुकले.

कृषीनगरचा वाटसरू

दोन दिवस का चुकले?

इंदिरानगरची लेक (धागाकर्ती)

एक दिवस गुडघा दुखत होता. दुसऱ्या दिवशी ती मंडळी तिला घेऊन सिन्नरला गेली होती, आम्हाला सांगायचं राहिलं. बाबा पावणेसहाला बूट घालून त्यांच्या गेटपर्यंत जाऊन आले. मी म्हटलं, आता बूट घातलेच आहेत तर ट्रॅकवर एक चक्कर मारून या. काही बोलले नाहीत. पायरीवर बसून नाडी सोडली, बूट कपाटात ठेवले आणि पेपर उघडला.